तिघांत सारखं

गल्लीत तिला सगळे फौजदार म्हणत. तोंडावर म्हणायची छाती फक्त शेजारच्या काचवाल्याची, आणि तोसुद्धा आधी आपल्या दुकानात शिरून मग म्हणे. जुन्या सोफ्यांना नवा फोम आणि नवं कापड चढवायचं तिचं काम. तोंडात खिळे धरून, एका हाताने कापड ताणत, दुसऱ्याने हातोडी चालवत ती गिऱ्हाइकाशी भांडू शके. खिळ्यांमुळे भांडणात शब्द फार वाया जात नसत. लग्न होऊन ती दोन गल्ल्या पलीकडे गेली होती. नवरा बसचा ड्रायव्हर, मुलगी कॉलेजात. पण वडिलांच्या दुकानाचं शटर रोज सकाळी तीच वर ढकलायची. थोरला भाऊ बँकेत चिकटला, धाकटा औषधांच्या कंपनीत, आणि बाबांच्या कंबरेने राजीनामा दिला, तेव्हापासून.

बाबांना आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता, सारखेपणाचा. बिस्किटांचा पुडा फोडला तरी ते तीन ढीग करत आणि उरलेलं बिस्किट स्वतः खात, कुणावर अन्याय नको म्हणून. तीन मुलांत नखाचा फरक केला नाही, हे ते रिक्षावाल्यालाही ऐकवत. त्यामुळे काळजात स्प्रिंग बसवून दवाखान्यातून घरी आले, तेव्हा त्यांनी तिघांना समोर बसवलं आणि मृत्युपत्र करत असल्याचं जाहीर केलं. घर आणि दुकान, दोन्हींत तिघांना सारखा हिस्सा. मग मान वर करून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, टाळ्या अपेक्षित असल्यासारखं.

थोरला निवृत्तीला टेकलेला. त्याला त्या हिश्शात गावाबाहेरचं लहानसं घर आणि दुपारची झोप दिसली. धाकट्याची पोरं अजून नाक पुसायच्या वयाची. त्याला त्यांच्या शाळा दिसल्या. "बाबा, कशाला असलं अभद्र बोलता," म्हणत दोघेही खुर्ची पुढे ओढून बसले. ती उभीच होती. तिला काय दिसलं ते तिने विचारलं: दुकानाचे तीन हिस्से म्हणजे नेमकं काय? थोरल्याने बँकेतल्या म्हाताऱ्या खातेदाराला समजवावं तसं समजावलं, की दुकान अर्थातच विकावं लागेल, पण त्यात तिचंही भलंच आहे. धाकट्याने त्यावर साखर पेरली. ताईने फार खस्ता खाल्ल्या, आता तिने विश्रांती घ्यावी.

विश्रांती! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेहेचाळिसाव्या वर्षी, हातातलं एकमेव काम काढून घेऊन, वर विश्रांतीचा नजराणा.

"वाटणी करताय ना, बाबा?" ती म्हणाली. "मग कामाचे तीन हिस्से कधी केले होते ते सांगा."

बाबा म्हणाले, ते वेगळं. थोरला म्हणाला, भावनिक होऊ नकोस. बस, संपलं. तिने पर्समधून दुकानाची किल्ली काढून थोरल्याच्या चहाच्या बशीत टाकली आणि तिथल्या तिथे आठवडा वाटून दिला. सोमवार-मंगळवार दादाचा, बुधवार-गुरुवार धाकट्याचा, शुक्रवार-शनिवार तिचा. तिघांत सारखं, नखाचा फरक नाही. रविवार बाबांना, उरलेल्या बिस्किटासारखा.

सोमवारी ती घरी बसली आणि रागाने तिने सगळं घर धुतलं. पडदे, गाद्यांच्या खोळी, नवऱ्याची धुतलेली वर्दीसुद्धा. नवरा बिचारा बादल्या भरून देत राहिला. वीस वर्षं बस चालवून त्याला पुढे घाट कुठे लागतो हे कळत होतं. दुकानातल्या बातम्या काचवाला फोनवर पुरवत होता, मीठमसाला लावून. थोरल्याने रजा टाकली होती. इस्त्रीच्या शर्टात तो गल्ल्यामागे बसला आणि फोनवर येईल त्याला 'अर्ज लेखी द्या' म्हणाला. दुपारी एका बाईंच्या खुर्चीची सीट उपसून बसला, आणि ती परत बसेना, तेव्हा बाईंना म्हणाला, तूर्त उशी ठेवून बसा. बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे पाहत होते. धाकटा बुधवारी आला, मशीनची सुई मोडली, दुसरी घालताना बोटात खुपसली आणि ऑफिसची मीटिंग आठवून गेला.

गुरुवारी संध्याकाळी बाबा तिच्या दारात उभे राहिले. दोन जिने चढून, धापा टाकत, लाल झालेले. ती पाणी आणायला वळली तर त्यांनी हातातली काठी आपटली. ते विनवायला आले नव्हते, भांडायला आले होते.

"चार दिवस मी त्या स्टुलावर बसलोय," ते ओरडले. "येणारा प्रत्येक माणूस मला विचारतो, मालकीणबाई कुठे गेल्या? मला! मी तिथे बसलेला असताना! मी जिवंत असताना तू माझं दुकान घेतलंस."

अच्छा, असं होतं तर. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि राग उतरायच्या ऐवजी दुप्पट झाला. सारखेपणा-बिरखेपणा सगळं सोंग. तिला दुकान लिहून द्यायचं म्हणजे ते तिचं झालंय हे कबूल करायचं, आणि तेवढं म्हाताऱ्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"हो, घेतलं," ती म्हणाली. "तुम्ही दिलं नाहीत म्हणून घेतलं. तुम्हाला मालक म्हणायला लावते मी सगळ्यांना, पण आधी लिहून द्या."

मग दोघांनी अर्धा तास एकमेकांना जे ऐकवलं ते जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांनी दारं किलकिली करून ऐकलं. बाबा पाणी न पिता गेले. पण शनिवारी निरोप आला: वकीलबाईंकडे ये.

वकीलबाईंची खोली कोंदट होती आणि गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांचा फोम पार बसलेला होता. तिने बसायच्या आधी दोन बोटांनी दाबून पाहिला आणि उभी राहिली. बाबांनी भिंतीकडे बघत मसुदा पुढे केला. घर दोघा भावांना, दुकान तिला. साध्या, सरळ ओळी. तिचे डोळे भरून येणार तेवढ्यात तिने शेवटची ओळ वाचली. तिच्या पश्चात दुकान भावांच्या मुलांकडे जावं.

"आणि माझी मुलगी?"

बाबा म्हणाले, अगं, ती उद्या लग्न होऊन जाईल सासरी. दुकान घरातल्या घरात राहिलेलं बरं.

"मी गेले ना सासरी?" तिचा आवाज इतका खाली आला की वकीलबाईंनी पेन ठेवलं. "तेव्हा दुकान माझ्या मागून सासरी चालत आलं का? का मी रोज तिथे जाऊन हातोडी मारली? सुईने बोट फोडून घेणाऱ्या धाकट्याच्या पोरांना देणार तुम्ही ते, आणि सुट्टीत माझ्याबरोबर बसून कापड बेतणाऱ्या पोरीला नाही?"

बाबा काठीच्या मुठीवरचं रबर खरवडू लागले. "तू मी मरेपर्यंत अशीच ओरडणार का?"

"तुम्ही लिहाल तसं."

त्यांनी वकीलबाईंना मानेने खूण केली, ती ओळ काढा. वकीलबाईंनी ती खोडली, आणि शांतपणे एक कोरा कागद ओढून तिच्याकडे पाहिलं. वडिलांनी आता फक्त तुम्हाला दिलंय, त्या म्हणाल्या. पुढे मुलीला जावं असं वाटत असेल तर तुम्हाला तुमचं वेगळं मृत्युपत्र लिहावं लागेल. आजच करून टाकू या का?

"मी काय आज मरतेय?" ती भडकली.

बाबा हसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच, खोकला येईपर्यंत हसले, आणि शेजारची फोम बसलेली खुर्ची काठीने तिच्याकडे ढकलली. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर जिन्यावरून पळाला असता. सोमवारी पोचवायचा एक सोफा अर्धवट पडलाय, असं काहीतरी ती पुटपुटली. मग धपकन त्या खुर्चीत बसली आणि मुलीचं पूर्ण नाव सांगू लागली.