डब्याबाहेर राहिलेला राखणदार

आधीच कबूल करतो, ती ओळ मी पुसली. जानेवारीचे दिवस, उसाचा हंगाम भरात, दुपारचे पावणेदोन. माझा लॅपटॉप रुसला होता, म्हणून ऑफिसातल्या सौंदर्याला विचारून मी तिच्या लॅपटॉपवर बसलो होतो. ती खाली नळावर जेवणाचा डबा धूत होती.

राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात एका साखर कारखान्याचं काम चालतं. उसाची गाडी काट्यावर चढली की क्लाउडमधला आमचा प्रोग्रॅम जागा होतो, शेतकऱ्याच्या मोबाइलवर वजनाचा मेसेज धाडतो आणि पुन्हा आडवा होतो. इतका सुखी जीव अख्ख्या कोल्हापुरात दुसरा नाही. त्याच्या सोबतीला राखणदार म्हणून आणखी एक प्रोग्रॅम असतो. काय बिघडलं, कधी बिघडलं, हे तो टिपून ठेवतो. पूर्वी हा राखणदार बाहेरून जोडता यायचा. नव्या पद्धतीत सगळं एका कंटेनरमध्ये, म्हणजे बंद डब्यात, भरून वर पाठवायचं. एकदा झाकण लागलं की बाहेरून काही चिकटत नाही, राखणदारही भरतानाच आत ठेवावा लागतो. सौंदर्यानं तशी ओळ लिहिली होती. मला वाटलं, राखणदार बाहेर जोडलेला आहेच की, पुन्हा आत कशाला? पोटभर जेवल्यावर माणसाला आवराआवरीची जी लहर येते, त्या लहरीत मी ती पुसली आणि डबा वर धाडला. लॅपटॉप तिचा, त्यामुळं नोंदीत नावही तिचंच लागलं, शेजारी पावणेदोनची वेळ.

तिसऱ्या दिवशी मेसेज बंद पडले. काट्यावर शेतकरी मोबाइल नाचवत उभे, आणि राखणदार जागेवर नसल्यामुळं बिघडलं काय ते कुणालाच कळेना. मेसेज सुरू व्हायला संध्याकाळ झाली. मॅनेजर धैर्यशीलसाहेबांनी डबा कुणी भरला ते पाहिलं आणि कारखान्याच्या माणसांसमोर म्हणाले, "घरचा डबा बरा भरता येतो, ह्योच तेवढा येईना व्हय?"

माणसं हसली. सौंदर्यानं लॅपटॉप मिटला. ओळ मी पुसली, हे मी तेव्हा सांगितलं नाही.

सौंदर्या गडहिंग्लजच्या पलीकडची, घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. भांडण मराठीत सुरू करते आणि मिटवत कुठल्याच भाषेत नाही. चौथीत बाईंनी तिच्या रांगोळीला दुसरा नंबर दिला होता. पंधरा वर्षांनी त्याच बाईंच्या मुलीच्या लग्नात ही गेली, पंगतीत दोनदा जिलबी मागून घेतली आणि आहेरात रांगोळीचं पाकीट ठेवून आली. तिची आई गंगव्वा आम्हाला बजावते, "आमच्या पोरीनं डूख धरला की मला बी भ्या वाटतंय बघा."

तेव्हा साहेबांचं काय होणार याची आम्ही वाटच बघत होतो. तिनं नवा डबा भरला, राखणदार स्वतःच्या हातानं आत बसवला, आणि शेजारी आणखी एका प्रोग्रॅमचं कारटं ठेवलं. बारीकशी जरी खोट निघाली तरी ते थेट साहेबांच्या मोबाइलवर घंटा वाजवायचं. साहेब न्हाव्याच्या खुर्चीत असले तरी घंटा, सासऱ्यांसमोर पाटावर बसले तरी घंटा. चार दिवसांत साहेबांचा चेहरा उतरला.

"सौंदर्या, हे बंद कर की."

"बाहेरनं बंद हुईत न्हाय साहेब. डब्यात भरलंय. तुमीच म्हनला हुता, नीट भर."

अख्खा महिना त्यांनी ती घंटा ऐकली.

साहेबांचा हिशेब असा चुकता झाला. पण ओळ पुसणारा अजून मोकळाच होता. त्याच सुमारास ऑफिसातल्या आमच्या दुपारच्या जेवणात एक गोष्ट घडू लागली. गंगव्वाच्या हातची शेंगदाण्याची चटणी सौंदर्या सगळ्यांना वाढायची, आणि माझ्यापाशी आली की वाटी संपायची. योगायोग, असं मी आठ महिने धरून चाललो.

सप्टेंबरात कारखान्याची वार्षिक सभा ठरली. कारखान्याची सभा म्हणजे माइक एक आणि त्याला धरणारे हात चारशे. सभासद अडून बसले, मेसेज का बंद पडले ते ज्यानं केलं त्यानंच येऊन सांगावं. साहेब म्हणाले, "सौंदर्या, निस्तर आता. नाव कळवून टाक."

"कळवते," ती म्हणाली. इतक्या शांतपणे, की मी हातातला घास परत ताटात ठेवला.

सभेच्या आदल्या दिवशी जेवताना मला राहवलं नाही. बाकीची मंडळी हात धुवायला गेल्यावर म्हटलं, "सौंदर्या, ती ओळ मी पुसली होती. पावणेदोनला. तू खाली डबा धूत होतीस."

तिनं वर पाहिलं नाही. चटणीची वाटी उघडली आणि तीन चमचे भरून माझ्या पानात वाढली. आठ महिन्यांनी तो वास नाकात गेला आणि माझे डोळे भरून आले.

"म्हणजे माफ केलंस?" मी विचारलं.

"पोटभर खावा सयाजीदादा, उद्या माइकवर तुमचंच नाव दिलंय."