एका गोळीची माणसं

आमच्या अक्का झाकणावर लिहिलेल्या नावावर कधीच विश्वास ठेवत नसत. हिमायतनगरहून मिठाईचा खोका आला आणि वर ठळक अक्षरांत काजूकतली छापलेलं असलं, तरी त्या आधी झाकण उचलून आत डोकावत आणि मगच ‘घ्या रे’ म्हणत. ऑफिसातल्या सगळ्यांत ज्येष्ठ प्रोग्रामर त्याच. साहेबसुद्धा त्यांना अक्काच म्हणत.

इथल्याच नल्लकुंट्यात त्यांच्या घराण्याच्या पिढ्या गेलेल्या, मी पुण्याहून आलेला. ‘परेशान नक्को होऊ, हल्लू बघ,’ हे त्यांचं दखनी वळणाचं मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू येई. पुढे ते ‘हल्लू’ माझ्याच तोंडात इतकं बसलं की आईने फोनवर टोकलं.

कामातही त्यांचा हाच हट्ट. सर्व्हरकडून माहिती आली की आम्ही ती सरळ वापरायला घ्यायचो. अक्का ती आधी आहे तशी उघडून बघायला लावत. ‘काय मागितलं ते मला ठाऊक आहे. काय आलं ते सांग.’

वृद्ध रुग्णांना रोजची औषधं फोनवर दिसावीत, असं ॲप आम्ही करत होतो. थोड्या जणांना वापरायला दिलं, तर काहींचा पडदा कोराच. आमच्याकडे मात्र सगळं सुरळीत चालत होतं. दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांसाठी सुरू व्हायचं होतं. साहेब म्हणाले, कोऱ्या पडद्यावर ‘औषधे नाहीत’ असं टाका, बाकी मागाहून बघू. मी लिहायला घेतलंही.

‘नक्को,’ अक्का म्हणाल्या. ‘ज्याची गोळी आहे त्याला नाही म्हणून सांगायचं? तो घेणार नाही ना मग.’

साहेब चिडले. अक्कांनी आवाज चढवला नाही आणि खुर्चीही सोडली नाही. ज्यांचे पडदे कोरे होते त्यांचीच माहिती मागवली आणि एकेक माझ्याकडून उघडून घेतली. संध्याकाळी उलगडा झाला. औषधं अनेक असली की सर्व्हर त्यांची यादी पाठवत होता, एकच असलं की यादी न करता नुसतं ते औषध. आमचा प्रोग्राम यादी शोधायचा, ती मिळाली नाही की गप्प बसायचा. चाचणीसाठी रचलेल्या आमच्या खोट्या रुग्णांना आम्ही सढळ हाताने औषधं वाटली होती. एका गोळीचा माणूस कुणाला सुचलाच नव्हता.

सर्व्हरवाल्यांनी हात झटकले, आमच्याकडून असंच येतं म्हणाले. ‘ऐसाच आता बोले तो पहले बोलना था ना भई,’ अक्का फोनवर म्हणाल्या आणि आमच्या बाजूने दुरुस्ती सुरू केली. एकटं औषध आलं तर आधी त्याचीच यादी करायची. भलतंच काही आलं तर ‘माहिती वाचता आली नाही, दवाखान्यात विचारा’ असं स्पष्ट सांगायचं. ॲप उशिरा सुरू झालं, बोलणी अक्कांनी खाल्ली.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं मला अजून बघवत नाही. मध्यंतरी त्यांचा फोन आला.

‘डॉक्टरनी बीपीची गोळी दिली रे. एकच आहे. आपल्या ॲपात दिसली बरं का.’

‘चाललं म्हणा की,’ मी म्हणालो.

‘तरी पाकीट उघडून बघितलंच,’ म्हणाल्या.