सभेतलं अरे-तुरे

धरमतरच्या खाडीकाठच्या एका गावात सरकारी दवाखाना होता आणि त्याच्या दाराला बहुतेक दिवस कुलूप असायचं. नेमलेला डॉक्टर लवकरच बदली करून घ्यायचा. नवा येईपर्यंत नर्सबाई काय ते बघायच्या, आणि त्या दुसऱ्या गावाच्या फेरीवर गेल्या की तेवढंही नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस असे दवाखाने एका खासगी संस्थेकडे चालवायला द्यावेत, अशी योजना पुढे आली. संस्था डॉक्टर आणणार, यंत्रं आणणार आणि रुग्णांकडून फी घेणार. त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला म्हणून पेणमध्ये सभा ठरली.

मी तेव्हा पेणच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. आवाज मोठा आणि उच्चार स्वच्छ, म्हणून गावातल्या कुठल्याही सभेचं सूत्रसंचालन माझ्याकडे यायचं. तसं हेही आलं. योजनेच्या बाजूनं बोलणार होता माझा थोरला भाऊ. दादाचा रोह्यात दवाखाना होता. उसनी भाषणं करणारा माणूस तो नव्हता. त्याला योजना खरोखरच पटली होती.

आदल्या दिवशी फोनवर मी त्याला म्हटलं, "दादा, लोक चिडलेत. फी हा शब्द ऐकूनच उठतील."

"उठू देत," तो म्हणाला. "कुलूप लावलेला फुकट दवाखाना काय कामाचा, ते त्यांनी मला सांगावं. फक्त माणसासारखं सांगावं, एवढंच."

सभेच्या दिवशी फाल्गुनातलं ऊन होतं. खाडीकडची माणसं टेम्पोनं आली, गागोद्याकडचे शेतकरी एसटीनं आले. सभागृहाच्या पायऱ्यांवर घोषणा चालल्या होत्या. पण आत आल्यावर सगळे मुकाट्यानं बसले. व्यासपीठावर मुंबईहून आलेले एक अधिकारी होते, तालुक्यातली दोन-तीन वजनदार माणसं होती, आणि कडेच्या खुर्चीवर दादा.

साहेबांनी योजना वाचून दाखवली. मराठीच होती, पण इतकी सरकारी की माझ्याही डोक्यावरून जात होती. मग दादा बोलला. तो सरळ बोलला. नागोठण्याच्या पुढं रस्त्यातच बाळंत झालेल्या बायका आपण पाहिल्यात, असं त्यानं सांगितलं. दवाखान्याला कुलूप ठेवून, सरकार डॉक्टर पाठवेल याची वाट बघत आणखी किती माणसं घालवायची, असं विचारलं. काही माना हलल्या. मलाही त्याचं म्हणणं खोटं वाटलं नाही.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. मी त्यांना ओळखत होते. पेणच्या बाजारात त्या मासळी घेऊन बसायच्या. आदल्या पावसाळ्यात त्यांची लेक अडली होती. दवाखान्याला कुलूप होतं. अलिबागच्या वाटेवर जीपमध्येच बाळ गेलं, लेक कशीबशी वाचली. महिनाभर त्या बाजारात दिसल्या नव्हत्या.

त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला आणि दादाकडे बघून विचारलं, "डाक्टर, तू बोललास ता मी आयकला. कुलपाचा तू खरा बोललास. पन मना येक सांग. माझी पोर परत अडली, नि हातान पैसं नसलं, तं तुझे नवे दवाखान्यान तिला आत घेतील का नाय?"

दादा उत्तर द्यायला पुढे सरकला, पण त्याच्याआधी साहेबच बोलले.

"बाई, डॉक्टरांशी बोलताय तुम्ही. आधी नीट बोलायला शिका. इथे अरे-तुरे चालणार नाही."

बाईंना ते कळलंच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय गो बाय? काय चुकला माझा?"

माईक माझ्या हातात होता. वर्गात मी आदरार्थी बहुवचन शिकवायची. खाडीकाठच्या मुली 'सर, तू' म्हणाल्या की त्यांना सुधारायची. त्यांच्या घरात बापाला तू, सासऱ्याला तू, देवाला तू. त्यात अनादर नसतो हे मला चांगलं ठाऊक होतं. तेच साहेबांना कसं सांगावं, याचा विचार मी करत होते तेवढ्यात मागून ओरडा सुरू झाला. "उत्तर द्या! उत्तर द्या!" खुर्च्या सरकल्या. साहेब कागद गोळा करू लागले. आणि एक चप्पल भिरभिरत आली.

ती साहेबांना लागली नाही. दादाच्या कपाळाला लागली. त्याचा चष्मा खाली पडला आणि भुवईपाशी रक्त आलं.

चप्पल फेकणारा लपला नाही. तो या बाईंचाच जावई होता, वाटेत बाळ गमावलेला बाप. त्याच्या तोंडावर राग नव्हता. आपल्या हातून काय झालं हेच त्याला कळत नव्हतं. दाराशी उभे असलेले हवालदार त्याच्याकडे निघाले.

दादानं रुमाल कपाळाला लावला आणि माझ्याकडून माईक घेतला. तो फार रागावला होता, हे फक्त मला कळत होतं.

"त्याला हात लावू नका," तो हवालदारांना म्हणाला. मग साहेबांकडे वळला. "साहेब, बसा. माझ्या दवाखान्यात येणारी खाडीकाठची माणसं मला तूच म्हणतात. त्यांच्या बोलीत तसंच आहे. या मावशींनी शांतपणे प्रश्न विचारला होता. आपण त्यांना व्याकरण सांगितलं."

साहेब उभेच राहिले. दादा बाईंकडे वळला.

"मावशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सांगतो. मी योजना वाचली आहे. पैसे नसलेल्या बाईला आत घ्यायलाच हवं, असं तिच्यात कुठेही लिहिलेलं नाही. ते मी आधी बघायला हवं होतं."

व्यासपीठावरची वजनदार माणसं एकमेकांकडे बघू लागली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाई हळूहळू पुढे आल्या, चप्पल उचलली आणि जावयाच्या पायाशी नेऊन ठेवली. "घाल पायान," त्या म्हणाल्या, "उनान जावाचा हाय." आणि त्याचा दंड धरून त्याला बाहेर घेऊन गेल्या. त्यांच्यामागून बाकीचे उठले. सभा संपली, असं जाहीर करायची गरज उरली नाही.

दादाच्या गाडीतून मी त्याच्याबरोबर रोह्याला गेले. कपाळावर पट्टी होती. नागोठणं मागे पडल्यावर त्यानं विषय काढला.

"तिचा प्रश्न खरा," तो म्हणाला. "पण चप्पल? उद्या दुसरा कुणी दगड घेईल. मग कोण डॉक्टर येईल त्या गावात?"

"दादा, त्यांनी हळू विचारलं तेव्हा काय मिळालं त्यांना?"

"म्हणून मारायचं?"

"मारावं असं मी म्हणत नाही. पण सभ्यपणा फक्त खालच्यांनीच पाळायचा का?"

आमचा हा वाद तिथे मिटला नाही, पुढेही कधी मिटला नाही. जेवताना वहिनी आमच्याकडे बघत होत्या आणि आम्ही दोघं ताटाकडे.

पोलिसांनी तक्रार मागितली, ती त्यानं दिली नाही. व्यासपीठावरच्या मंडळींनी त्याला नंतर बोलावणं सोडलं. योजना आमच्या भागात बारगळली. का, ते कुणी सांगितलं नाही. पण दवाखान्याचं कुलूप तसंच राहिलं, आणि हे दादा मला वारंवार ऐकवायचा. "जिंकलात ना? मग आता दार उघडा."

दार उघडावं म्हणून पुढच्या उन्हाळ्यात तहसील कचेरीवर मोर्चा निघाला. त्यात मी चालले. मासळीवाल्या बाई, त्यांची लेक, जावई, सगळे होते. दादा मोर्चात आला नाही. घोषणा त्याला शेवटपर्यंत आवडल्या नाहीत. पण कचेरीसमोरच्या झाडाखाली तो आपली बॅग घेऊन बसलेला दिसला. "ऊन फार आहे. कुणी तरी पडेल," एवढंच म्हणाला. पडला तो बंदोबस्तावरचा एक तरुण पोलीस. दादानं त्याला सावलीत आडवं केलं. बाईंच्या लेकीनं आपल्या बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडावर मारलं आणि तो उठून बसेपर्यंत पदरानं वारा घालत राहिली. लोकांनी तेवढा वेळ घोषणा थांबवल्या होत्या.

पावसाच्या तोंडावर दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई रुजू झाल्या. त्या काही वर्षं टिकल्या.