माझा चार दिवसांचा टीबी

मला टीबी झाला होता. शुक्रवारी दुपारी झाला आणि मंगळवारी चार वाजून वीस मिनिटांनी बरा झाला. औषध काही घ्यावं लागलं नाही. नुकसान मात्र भरपूर झालं, आणि ते सगळं मी स्वतःच्या दोन अंगठ्यांनी, मराठीत टाइप करून केलं.

त्याचं असं झालं. मी पुण्यात शिकलेली इंजिनिअर. इथे अमेरिकेत, टेक्ससमधल्या प्लेनोत पंधरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि वर पगार घ्यायचा. (घरीही हेच काम करते, पण बिनपगारी.) मग बाबा गेले. त्यांच्या शेवटच्या आजारात मी इथून फोनवर फक्त "जेवलात का?" एवढंच विचारू शकत होते, आणि तिकडे जळगावात एक सिस्टर त्यांची कूस बदलत होती, त्यांच्याशी गप्पा मारत होती. त्या सिस्टरचा मला मनापासून हेवा वाटला. दोन वर्षांनी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, मी नोकरी सोडून नर्सिंगला ॲडमिशन घेतली. ज्यांच्याकडे आधीच एक डिग्री आहे त्यांच्यासाठी इथे चार वर्षांचं नर्सिंग सोळा महिन्यांत कोंबतात. माझा नवरा शिरीष म्हणाला, "सोळा महिने? अगं, मायक्रोवेव्हचं मॅन्युअल तू अजून वाचतेयस."

कॉलेज बुधवारी सुरू होणार होतं. मंगळवारी संध्याकाळी पाचच्या आत लशींचे सगळे कागद आणि टीबी नसल्याचा दाखला अपलोड करायचा, नाहीतर सीट वेटिंग लिस्टवरच्या पुढच्या माणसाला. पत्रातलं हे वाक्य ठळक होतं आणि त्याखाली रेघही होती. मी ते रोज एकदा वाचत असे.

आदल्या आठवड्यात बुधवारी क्लिनिकमध्ये गेले. हातावर कातडीखाली एक बारीक इंजेक्शन देतात आणि दोन दिवसांनी तिथे गाठ आली का ते बघतात. त्याआधी फॉर्म भरायचा होता. बीसीजीची, म्हणजे टीबीवरची लस घेतली आहे का, असा एक प्रश्न होता. मी 'नाही'वर खूण केली. माझ्या डाव्या दंडावर एकच गोल व्रण आहे आणि तो देवीच्या लशीचा, हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं. पंधरा वर्षं टेस्टिंग केलेल्या बाईचा आत्मविश्वास होता तो!

गुरुवारी हात चांगलाच सुजला. सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. डास चावला असेल म्हणून त्यांनी त्यावर हळदीचा सणसणीत लेप लावला. शुक्रवारी क्लिनिकमधली नर्स माझा पिवळाधमक हात बघून दचकली आणि तिने आधी काविळीची चौकशी केली. मग हात पुसला, गाठ चाचपून पाहिली, मोजपट्टी लावली. चौदा मिलिमीटर. पॉझिटिव्ह.

त्यानंतर ती पाच मिनिटं अतिशय शांतपणे बोलत होती. पॉझिटिव्ह म्हणजे आजार झालाच असं नाही, खोकला नाही, ताप नाही, तुमच्यापासून कुणाला धोका दिसत नाही, आता रक्त घेते, सोमवारी एक्स-रे काढा, रक्ताचा रिपोर्ट मंगळवारी येईल, घाबरू नका. हे सगळं मला नंतर कागदावर वाचून कळलं. तेव्हा मी फक्त 'पॉझिटिव्ह' एवढंच ऐकलं होतं.

पार्किंगमध्ये, भट्टीसारख्या तापलेल्या गाडीत बसले. आठवलं, गेल्याच शनिवारी घरी सत्यनारायण झाला होता. माझ्या कॉलेजसाठीच घातला होता! चाळीस माणसं. प्रत्येकाच्या हातावर तीर्थ मी घातलं होतं. प्रत्येकाच्या द्रोणात शिरा मी वाढला होता, शिवाय "आणखी घ्या ना" म्हणत, अगदी तोंडाजवळ जाऊन. आता मी होणारी नर्स. माझं काही कर्तव्य आहे की नाही? मी इथल्या मराठी मंडळाच्या, दीडशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं:

"नमस्कार. मला टीबी निघाला आहे. शनिवारी आमच्याकडे ज्यांनी प्रसाद घेतला त्यांनी कृपया तपासणी करून घ्यावी. तसदीबद्दल क्षमस्व. वैशाली."

या ग्रुपवर नुसतं शुभ सकाळ म्हटलं तरी तीस फुलं येतात. तिथे चार मिनिटं स्मशानशांतता पसरली. मग एकाने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. एका काकांनी कळवलं की त्यांनी शिरा डब्यात नेला होता, अर्धा फ्रीजमध्ये आहे, तो तपासायला द्यावा लागेल का. आणि अकरा जणांनी ओळीने लिहिलं की ते पूजेला आलेच नव्हते. त्यातल्या तिघांना मी स्वतः दुसऱ्यांदा मसालेभात वाढला होता!

घरी जाऊन मी स्वतःला कंप्युटरच्या खोलीत कोंडून घेतलं. शिरीष दोन मास्क लावून, शेजारच्या खोलीतून, फोनवर बोलायला लागला. शनिवारी दिवसभर बेल वाजत होती. दार उघडेपर्यंत पायरीवर डबा आणि वळणावर पळणारी गाडी. पाच डबे आले आणि त्यातल्या चारांत दुधी! माझी तेरा वर्षांची मुलगी इरा डान्स क्लासवरून रडवेली होऊन आली. दाराबाहेरून म्हणाली, "ममा, व्हाय वुड यू टेल एव्हरीवन?" याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा होतं. कर्तव्य, जबाबदारी, समाज वगैरे मी दाराआडून दहा मिनिटं बोलले. बाहेर कुणी नव्हतं.

रात्रीचं ताट घेऊन सासूबाई मात्र सरळ आत आल्या. मास्क नाही, काही नाही. येऊन माझ्या शेजारी बसल्या. मी म्हटलं, "आई, लांब बसा हो, तुमचं वय झालंय."

"माझे सासरे टीबीनेच गेले," त्या म्हणाल्या. "सहा महिने त्यांचं सगळं मी केलं. मी काही मेले नाही. तू जेव."

मग मी रडले. टीबीसाठी नाही. सीटसाठी रडले. बेचाळिसाव्या वर्षी एवढं धाडस केलं, नोकरीवर पाणी सोडलं आणि कॉलेजची पायरी चढायच्या आधीच घरी बसायची वेळ आली. पुन्हा कोण घेणार मला? सासूबाईंनी आणखी थोडा दुधी वाढला.

रविवारी सकाळी जळगावहून माझ्या आईचा फोन आला. मी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. पण प्लेनोच्या ग्रुपवरून नाशिकच्या कुणाच्या मामीला आणि मामीकडून आईच्या भिशीत, अशी बातमी व्यवस्थित पोचली होती. (भिशीत मी व्हेंटिलेटरवर होते.) आईने आधी मी जिवंत असल्याची खात्री करून घेतली, मग शिक्षिकेच्या आवाजात उलटतपासणी सुरू केली. फॉर्ममध्ये काय काय भरलं, सगळं विचारलं.

"बीसीजीला नाही लिहिलंस? का?"

"घेतलीच नाही ना. दंडावर देवीची खूण आहे."

"अगं, देवीची लस तुझ्या जन्माआधीच बंद झाली. ती बीसीजीचीच खूण आहे. तुझी आजी कुठल्याही टोचण्याला देवीच म्हणायची. इंजिनिअर झालीस आणि तेच धरून बसलीस?"

ती लस घेतलेल्या माणसाची ही गाठ टीबी नसतानाही सुजू शकते, हे मी नंतर पाच मिनिटांत शोधून काढलं. फॉर्म भरायच्या आधी शोधलं असतं तर! क्लिनिकला कळवलं, पण दाखला रक्ताच्या रिपोर्टवरच मिळणार होता. सोमवारी एक्स-रे स्वच्छ निघाला. मंगळवारी सकाळपासून मी लॅपटॉपसमोर बसून होते आणि माझ्यामागे शिरीष, इरा, सासूबाई उभे होते. चार वाजून वीस मिनिटांनी रिपोर्ट आला. निगेटिव्ह! मी दोनदा चुकीची फाइल निवडली, म्हणून अपलोड शेवटी इराने केलं. मी ग्रुपवर खुलासा टाकला. त्याला दोन अंगठे आले. त्यातला एक शिरीषचा होता.

बुधवारी कॉलेजात गेले. पहिलाच तास गोपनीयतेचा होता. शिकवणाऱ्या बाई तीस वर्षं हॉस्पिटलात काढलेल्या, कडक. त्यांनी सांगितलं, पेशंटचा आजार, रिपोर्ट, यातलं अक्षरही बाहेर जाता कामा नये. घरी नाही, मैत्रिणींत नाही, फोनवरच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. असं कुणी केलं तर त्याची सीट त्याच दिवशी गेली.

मी हात वर केला आणि विचारलं, पेशंटनेच स्वतःचा अर्धवट रिपोर्ट दीडशे लोकांना कळवला तर?

बाई पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, "काळजी करू नकोस. तीस वर्षांत इतका मूर्ख पेशंट मी पाहिलेला नाही."

मी हात खाली घेतला आणि वहीत तारीख घातली.