पिराजीची ओंजळ

खजुरीच्या बौद्ध वस्तीतून कॉलेजात गेलेला पहिला पोरगा म्हणजे पिराजी. एम.ए.ला असताना सिलोनच्या गुणपालशी त्याची गट्टी जमली, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गुणपालनं त्याला आपल्या गावी बोलावलं. वस्तीत सणच झाला. बुद्धाला मानणारा अख्खा देश! तिथं कोण आळंदच्या बाजारातल्यासारखं "कुणाचा रं तू?" म्हणून टोकणार?

आई कोंडाबाई निघताना म्हणाली, "नीट बघून ये बाबा. असं गाव खरंच हाय का, येऊन मला सांग."

तेवढ्यासाठीच तो निघाला. रामेश्वरहून बोटीत बसला, ओकून ओकून अर्धा झाला, तरी मनातून हरखलेला होता.

गुणपालचं घर डोंगरात होतं. अंगणात पाय ठेवताच त्याची म्हातारी आई पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली. पिराजीचा घसा कोरडा पडला होता. तांब्या हातात घ्यायचा सोडून तो उकिडवा बसला आणि तोंडाशी ओंजळ धरली. खजुरीच्या विहिरीवर लहानपणापासून तो असंच पाणी प्यायला होता, तेही वरून कुणी ओतलं तर. एवढी पुस्तकं वाचली, पण मेल्या हातांची खोड काही गेली नाही.

म्हातारीला नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही. असे बसणारे लोक तिच्याही गावात होते. तिनं तांब्या उंच धरला आणि लांबूनच पाणी ओतलं.

रात्री घरचे सगळे टेबलावर जेवायला बसले. पिराजीला ओसरीवर चटई आणि केळीचं पान. "आई जुन्या वळणाची आहे," गुणपाल मान खाली घालून पुटपुटला आणि आत जाऊन जेवायला बसला. पिराजीनं पान तसंच दुमडून ठेवलं. इथंही हेच, तर आता जायचं तरी कुठं?

परतला तेव्हा कोंडाबाई दारातच उभी होती.

"कुणी जात इचारली का रं?"

"न्हाई आई. कुणीच न्हाई इचारली."

यात खोटं काहीच नव्हतं. कोंडाबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि घरोघर सांगत सुटली. आत बसलेल्या पिराजीला सगळं ऐकू येत होतं. शेजारची सुभद्राबाई विचारत होती, "मंग आमच्या व्यंकटला बी धाडावं का तिकडं?"

"धाड की!" कोंडाबाई म्हणाली. "तिथं आपल्याला मानसासारखं वागवत्यात."

पिराजीनं उठून दार लावून घेतलं.