आता कांदा चिरते हां

ताई बाळंतपणाला आमच्याकडे लालबागला आली आणि परत सासरी गेलीच नाही. बाळ दोन महिन्यांचं असताना डेंग्यूने तिला नेलं. भावोजी आले, दिवसकार्य करून कामावर परतले. बाळ आमच्याकडे राहिलं. घरात आई, मी आणि ते.

त्या दिवसांत ते एकाच गोष्टीने शांत व्हायचं. खुंटीवरचा ताईचा गाऊन. त्यात गुंडाळलं की दोन हुंदके द्यायचं आणि झोपायचं. पण तेराव्याला सुतक फिटलं, आणि आमच्याकडे रीत म्हणजे रीत. घर धुवायचं, अंथरुणं-पांघरुणं, कपडे, सगळं धुवायचं. आईने गाऊनही बादलीत बुडवला. मी पाहिलं तोवर तो गॅलरीतल्या दोरीवर वाळत होता, नुसता साबणाचा वास मारत. आईवर ओरडणार होते. पण ती दोरीखाली उभी राहून त्या ओल्या कापडाला नाक लावत होती.

बाळ रडायला लागलं ते थांबेचना. चाळीत सल्ल्यांना तोटा नाही. एकीने बेंबीला हिंग लावायला सांगितलं, दुसरीने ओव्याचा शेक द्यायला. तिसरीने मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली आणि ठसका लागला नाही म्हणून स्वतःवरच खूश होऊन गेली. पोर आपलं लालबुंद. त्याला काय हवं होतं ते आम्हाला ठाऊक होतं, आणि ते आणून देणं कुणाच्याच हातात नव्हतं.

मी त्याला मुकाट्याने फिरवायचे. मुकाट्याने, कारण माझा आणि ताईचा आवाज एकच. फोनवर भावोजींनाही मी कितीदा गंडवलंय. ताई गेल्यावर मी घरात पहिल्यांदा मोठ्याने बोलले, तेव्हा आईने कान झाकून घेतले होते. “बोलू नको गो. तुझो आवाज आयकलो की वाटता, ताच इला.” तेव्हापासून मी खुणांनीच भागवत होते. मलाही रडायचं होतं, पण रडायलाही आवाजच लागतो.

एका दुपारी रडून रडून त्याचा श्वास अडकायला लागला. आई मोरीत भांडी घासत होती. मला राहवेना. ताई स्वयंपाक करताना त्याला सगळं सांगत असायची, तसंच त्याच्या कानाशी म्हटलं, “आता कांदा चिरते हां, राजा. आता मम्मीचे डोळे झोंबणार.”

ते थांबलं. तोंड उघडंच, पण रडणं थांबलं. माझ्या तोंडाकडे बघत राहिलं.

मोरीतला भांड्यांचा आवाजही थांबला. मी घाबरून गप्प झाले. बाळाचा ओठ पुन्हा मुडपला.

आई ओल्या हातांनीच बाहेर आली आणि माझ्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसली.

“गप रव नको,” ती म्हणाली. “बोल गो.”

मग मी कांदा चिरला, खोबरं वाटलं, तिरफळं घातली, बांगड्याचं कालवण उकळवलं. सगळं नुसतं बोलण्यात; हातात फक्त बाळ होतं. ते केव्हाच झोपलं. आई हलली नाही, म्हणून मी भात लावायला घेतला.