सिस्टरबाईंचं जेवणाचं टेबल

नोकरीत खून आणि दरोडे पुष्कळ पाहिले, पण निवृत्तीनंतरही ज्याची आठवण अधूनमधून येत राहते ते प्रकरण एका जेवणाच्या टेबलाचं आहे. तेव्हा माझी नेमणूक नगर जिल्ह्यात, पुणे रस्त्यालगतच्या एका ठाण्यात होती.

एका दुपारी एक वयस्कर बाई मुलाचा हात धरून ठाण्यात आल्या. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या त्या नर्स. नवरा वारलेला, मुलगा पुण्यात कंपनीत, आणि त्या गावात एकट्या. सगळं गाव त्यांना सिस्टरबाई म्हणायचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे गेल्या होत्या. परत येऊन पाहतात तर स्वयंपाकघरातलं जेवणाचं टेबल गायब. खुर्च्या, भांडी, कपाट, सगळं जागच्या जागी होतं. कुलूपही शाबूत होतं.

ठाणे अंमलदार माझ्याकडे पाहून गालात हसला. टेबलाच्या चोरीची फिर्याद त्याने कधी लिहिली नव्हती. मी बाईंना विचारलं, "टेबल ओळखायचं कशावरून?"

"सागाचं आहे, दहा माणसं बसतील एवढं. माझे सासरे मिशनच्या बंगल्यात स्वयंपाकी होते. बंगला बंद झाला तेव्हा त्यांना मिळालं. आमची खोली लहान. टेबल ठेवलं की एक पाय कोपऱ्यातल्या उंच फरशीवर यायचा, म्हणून सासऱ्यांनी तेवढा पाय बोटभर कापला. आमच्या घराबाहेर ते कुठेही ठेवा, डुगडुगणारच."

हे मी फिर्यादीत मुद्दाम लिहून घेतलं. जुन्या लाकडी सामानाची चोरी शाबित करायची तर अशी खूण हाताशी लागते. नाहीतर सागाचं टेबल हे कुणाचंही सागाचं टेबल.

आईने सही करायच्या आधी मुलगा म्हणाला, "साहेब, घराची किल्ली शेजारणीकडे असते, तेही लिहा."

सिस्टरबाई पटकन म्हणाल्या, "आक्कांचं नाव कशाला मध्ये?"

"आई, जे आहे ते सांगायला नको का?"

बोलणं रास्त होतं, म्हणून तेही लिहिलं.

ही शेजारीण, म्हणजे आक्का, शेतकरी कुटुंबातली, सिस्टरबाईंच्याच वयाची. रोज दुपारी शेतातून आली की सिस्टरबाईंकडे यायची आणि दोघी त्या टेबलावर बसून जेवायच्या, कित्येक वर्षं. जबाबासाठी तिला ठाण्यात न बोलावता मी स्वतः तिच्या घरी गेलो. पण दारात पोलिसांची गाडी उभी राहिली एवढं गावाला पुरलं. ती म्हणाली, "त्या दिसांत आमी समदी सांजपातुर कांदा काढीत हुतो. घराकडं कुनीच नसायचं. किल्ली खुटीला हुती, आजबी तितंच हाय." तिने किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली. "ही तुमीच ठिवा साहेब. आमाला नगं."

पुढच्या दिवसांत हवालदाराने महामार्गावरची जुन्या फर्निचरची दुकानं पालथी घातली. कुणी काही कबूल केलं नाही. गावात मात्र निकाल लागून गेला होता. दूध घालायला डेअरीवर गेली की बाया शेजारणीशी बोलेनात. तिच्या थोरल्या मुलाला पारावर कुणीतरी विचारलं, "काय रे, आता टेबलावर जेवता व्हय?" त्यावरून मारामारी झाली आणि तीही तक्रार माझ्याकडेच आली. मी दोन्ही बाजूंना समज देऊन सोडलं.

मग एके सकाळी एक मध्यमवयीन बाई ठाण्यात आल्या. त्या नगरला बँकेत अधिकारी होत्या. नवीन घर बांधलं होतं आणि जेवणघरात जुनं, चांगल्या लाकडाचं टेबल ठेवायची त्यांची हौस होती. त्यांनी विचारलं, "साहेब, जुनी वस्तू घेताना कागदपत्रं कोणती बघायची? दुकानदार म्हणतो, जुन्या मालाला बिल नसतं. बिलाशिवाय मी रुमालसुद्धा घेत नाही."

मी त्यांना बसवलं आणि कोणती वस्तू ते विचारलं. बाईंनी खरेदीचा अभ्यासच केला होता. खोलीचं माप काढलं होतं, खुर्ची मागे सरकवायला जागा किती लागेल ते पाहिलं होतं. बऱ्याच दुकानांत टेबलाखाली वाकून लाकूड तपासलं होतं, कारण वरून पॉलिश मारलं की आंबाही सागासारखा दिसतो. "हे मात्र अस्सल निघालं. सांधे खुंटीचे आहेत, कुठे खिळा नाही. दुकानदार सांगत होता, कॅम्पातल्या इंग्रज साहेबाच्या बंगल्यातलं आहे. पण टेकून उभी राहिले तर डुगडुगलं. तो म्हणाला, दुकानाची फरशी वाकडी आहे. मी दुसरीकडे सरकवायला लावलं, तरी तोच पाय अधांतरी. वाकून बघितलं तर पाय खालून कापलेला. कापही आताचा नाही, काळा पडलेला."

मी हातातला चहा तसाच ठेवला आणि गाडी काढायला सांगितली.

दुकान आमच्याच हद्दीत होतं. टेबल मागच्या गोदामात ताडपत्रीखाली मिळालं; हवालदाराने फक्त पुढचं दुकान पाहिलं होतं. पंचांसमोर पंचनामा केला आणि दुकानदाराला ठाण्यात आणलं. आधी तो म्हणाला, भंगारातून आलं. मग म्हणाला, लिलावातून. खोटं बोलणारा माणूस प्रत्येक प्रश्नाला नवं उत्तर देतो, तेव्हा त्याला फार दाबावं लागत नाही, फक्त तोच प्रश्न पुन्हा विचारत राहायचा. शेवटी त्याने टेम्पोवाल्याचं नाव सांगितलं.

टेम्पोवाला साधा माणूस निघाला. ठाण्याची पायरी चढतानाच त्याला घाम फुटला होता. "मला काय म्हाईत साहेब? दुकानदारानं त्या मानसाचा नंबर दिला. त्यानं फोनवर समदं सांगितलं. दुपारी जा, तवा शेजारची लोकं शेतात असत्यात. मागच्या पडवीत कुंडीखाली किल्ली ठिवलीय. फकस्त टेबल उचला, दुसऱ्या कशाला हात लावू नका. मी म्हनलं, घर त्यांचंच आसल."

"नंबर आहे का?"

त्याने मोबाईल पुढे केला. मी तो नंबर ठाण्याच्या फोनवरून लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. दुसऱ्याच घंटीला पलीकडून उत्तर आलं, "हां साहेब, नमस्कार. आईच्या टेबलाचं काही कळलं का?"

ठाणे अंमलदाराच्या हातातलं पेन थांबलं. टेम्पोवाला म्हणाला, "ह्योच आवाज."

मी फोनवर एवढंच म्हणालो, "कळलंय. उद्या या."

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात तोरा. "साहेब, घर आमचं, टेबल आमचं. यात चोरी कुठे आली?"

"टेबल तुमच्या आईचं. त्यांना का नाही सांगितलं?"

त्याने खुर्ची ओढून घेतली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आईने पुण्याला येऊन राहावं म्हणून तो वर्षानुवर्षं मागे लागला होता. ती म्हणायची, माझं टेबल तुझ्या फ्लॅटच्या जिन्यातून जायचं नाही, आणि टेबल सोडून मी यायची नाही. थट्टेतच म्हणायची, पण त्याच्या डोक्यात ते बसलं. टेबल गेलं की आईचं गावावरून मन उडेल असा त्याचा हिशोब. तिला पुण्याला न्यायला आला तेव्हाच त्याने स्वतःजवळची किल्ली कुंडीखाली ठेवली होती. "ती एकटी असते साहेब. रात्री पडली तर? मी वाईट हेतूने नाही केलं."

"आणि किल्लीचं लिहायला सांगितलंत ते?"

"तपास माझ्याकडे येऊ नये म्हणून. एवढं वाढेल असं वाटलं नव्हतं."

आईला सांगायला मी स्वतः गेलो. टेबलाच्या रिकाम्या जागेत खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. सिस्टरबाई मांडीवर ताट घेऊन जेवत होत्या. माझं बोलणं पूर्ण होईपर्यंत त्यांनी घास उचलला नाही. डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज स्थिर होता.

मी म्हणालो, "मुलगाच आहे. तुमची इच्छा असेल तर न्यायालयाच्या परवानगीने तडजोड करता येते."

"आत्ता नाही," त्या म्हणाल्या. "आत्ता मिटवलं तर गाव म्हणेल, सिस्टरबाईंनी आक्कांना पाठीशी घातलं. आधी त्याला इथे येऊन सगळ्यांसमोर सांगू दे. मग तडजोड."

"आणि तो नाही आला तर?"

"तर खटला चालू द्या."

पुढच्या रविवारी मुलगा आला. चर्च सुटल्यावर आई त्याला सरळ शेजारणीच्या अंगणात घेऊन गेली. डेअरीवरच्या बाया, पारावरची माणसं, सगळी जमली होती. मी साध्या कपड्यांत मागे उभा होतो. तो म्हणाला, "टेबल मी नेलं. आक्कांचा काही संबंध नाही. मी खोटं बोललो."

शेजारीण उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "आरं, तुला शाळंतनं आल्यावर त्याच टेबलावर जेवू घालीत हुते मी, तुझी आई ड्युटीवर आसली की. मला म्हनला आसतास, आईला न्यायचीय, तर मीच समजावलं आसतं तिला." एवढं बोलून ती आत गेली. हळूहळू अंगण रिकामं झालं.

यथावकाश न्यायालयात तडजोड झाली. दुकानदाराचं प्रकरण वेगळं चाललं. बँकेतल्या बाईंनी दुसरीकडून जुनंच टेबल घेतलं, बिलासकट. सिस्टरबाईंचं टेबल तोवर ठाण्याच्या व्हरांड्यात होतं, कारण मुद्देमालाच्या खोलीत ते मावत नव्हतं. आदेश आल्यावर आम्ही ते पोचवलं. शेजारणीच्या मुलांनीच उचलून आत नेलं.

काही महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी त्या गावात गेलो होतो. सिस्टरबाई काठी टेकत, हातात डबा घेऊन शेजारच्या अंगणात शिरताना दिसल्या. मी विचारलं, "आता आक्का येत नाहीत का तुमच्याकडे?"

"नाही. बोलते, पण घरात पाऊल टाकत नाही," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं ती येत होती. आता मी जाते."

चोरीचा माल मिळाला की आम्ही पंचनामा करतो, पोच घेतो, आणि आमच्या लेखी गुन्हा उघडकीला येतो. संशयात सापडलेल्या माणसाचं नाव परत करायची कुठलीही कार्यपद्धती आमच्याकडे नाही. ते काम ज्याचं त्याला करावं लागतं, आणि ते किती दिवस चालतं हे सांगता येत नाही. त्या बाईंनी ते रोज दुपारी, डबा घेऊन चालवलं होतं.